किरमिजीचा पुरावा

१९ ऑक्टोबर १९३१, सोमवार

शाळेतून पाय ओढत घरी आलो. सहावीच्या वह्या अजून तपासून व्हायच्या आहेत आणि पाचवीच्या उद्या येऊन पडतील. पंचवीस वर्षे मी सोलापूरच्या पोरांना इंग्रजी शिकवतो आहे आणि पंचवीस वर्षे ती 'डज' आणि 'डिड' एकाच वाक्यात कोंबत आहेत. पूर्वी राग यायचा, आता नुसती झोप येते.

घरी बसवराज वाट पाहत बसले होते. 'सोन्नलगी समाचार' हे साप्ताहिक ते चालवतात. गेल्या वर्षीच्या मार्शल लॉपासून त्यांच्या छापखान्यावर पोलिसांची नजर आहे. अग्रलेखात काही बोलायची सोय उरलेली नाही, पानं मात्र आठवड्याला आठ भरायची असतात. "सर, काहीतरी निरुपद्रवी द्या," ते म्हणाले. "शब्दांवर लिहा. कोणता शब्द कुठून आला वगैरे. त्यावर अजून बंदी आलेली नाही."

मी हो म्हणून बसलो. का, ते कळत नाही. सांगोल्याकडच्या धनगराच्या घरात जन्मून लॅटिन धातू पाठ करणारा बहुधा मी एकटाच, आणि त्या लॅटिनचा आजवर कोणाला कवडीचा उपयोग झालेला नाही. कदाचित म्हणून. हात पुन्हा चालावा यासाठी ही दैनंदिनीही आज ट्रंकेतून काढली.

२२ ऑक्टोबर

शब्द मिळाला. लांब जावं लागलं नाही, भिंतीपलीकडेच होता.

आमच्या भिंतीला लागून संगप्पा नीलगार यांचा रंगाचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचा एवढंच. दोन भट्ट्या, एक हौद, आणि मागच्या परसात दोऱ्यांवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी. त्या सुताची ते पलीकडच्या गल्लीतल्या मागांवर लुगडी विणून घेतात. संगप्पांचं किरमिजी लुगडं सगळ्या जिल्ह्यात माहीत आहे. लिंगायतांत नवरीच्या अंगावर ते नसलं तर म्हाताऱ्या बायका नाक मुरडतात. कापडपेठेत सिद्धलिंगप्पांच्या दुकानात त्याची वेगळी पाटी आहे, 'आज्याचा रंग, अस्सल स्वदेशी'. संगप्पांचे आजोबा कसल्याशा झुडपाच्या मुळ्या उकळून रंग काढत, तोच हा. हल्लीच्या दिवसांत त्या पाटीला फार मान आहे.

किरमिजी. इंग्रजीत क्रिमझन. आणि जर्मनमध्ये कार्मेझीन. हा शेवटचा शब्द मला कोशात सापडलेला नाही. तो आमच्या परसात, तुळशीच्या डब्यावर आहे. संगप्पांची बायको सावित्रम्मा गल्लीत सगळ्यांना रिकामे डबे वाटते, वरचे कागद खरवडून, धुऊन, लख्ख करून. आमचा डबा दिला तेव्हा मी सहज म्हटलं होतं, कागद राहू द्या, अक्षरं छान आहेत. तिने राहू दिला. जाड काळी, कोन असलेली अक्षरं. रोज दात घासताना वाचतो.

संगप्पांना रिकाम्या डब्यांची हौस दिसते. भंगारवाल्याकडून आणत असावेत. पहाटे उठून ठोकठोक करून ते सपाट करत बसतात, छपराला लावायला म्हणे. माझी साखरझोप त्यात जाते. एवढं मोठं त्यांचं छप्पर मला काही दिसत नाही.

बायकोला, कस्तुराबाईला, सांगितलं, तुझ्या तुळशीच्या डब्यावर लिहिणार आहे. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"शेजारच्या घरचं कशाला पेपरात?" ती म्हणाली. "शब्द का कमी हायती तुमच्याकडं?"

अडाणीपणाला औषध नाही. पण घरात वाद नको म्हणून गप्प बसलो.

२६ ऑक्टोबर

लेख झाला. कित्येक महिन्यांनी अंगात तरतरी वाटली.

संस्कृतात कृमि म्हणजे किडा. इराण-अरबस्तानाकडे एका झाडावरचे बारीक किडे वाळवून लाल रंग काढत, त्याला किर्मिज म्हणू लागले. रंग गलबतात बसून युरोपला गेला, शब्दही त्याच्याबरोबर गेला. इटालियनांनी त्याचं क्रेमिझी केलं, फ्रेंचांनी क्राम्वाझी, स्पॅनिशांनी कार्मेसी. लॅटिनवाल्यांचा किडा वेगळा, त्याचं नाव वर्मिस. त्याची पोरंही लालच निघाली. पोर्तुगीजात त्यापासून साध्या लाल रंगाचं नाव आलं. इंग्रजांचं व्हर्मिलियन म्हणजे हिंगूळ, तो खाणीतून निघतो आणि त्यात किडा औषधालाही नाही. फ्रेंचांचं व्हर्मेय तर आता कधी कधी लालही नसतं, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीला ते तसं म्हणतात. पोलंडात जून महिन्याचं नाव किड्यावरून पडलं आहे, कारण त्या महिन्यात ते हे किडे गोळा करत. म्हणजे नाव एका किड्याचं आणि त्याची मुलंबाळं एकमेकांना ओळखतही नाहीत. आमचं किरमिजी तर सासरचं आडनाव लावून माहेरी परत आलेली मुलगी.

जो शब्द जिथे पाहिला ते ठिकाण सांगायचं, हा माझा नियम आहे. पुराव्याशिवाय शब्द देणारा आणि कॉपी करणारा पोरगा यांत मी फरक करत नाही. प्रत्येक शब्दापुढे कोश, पान, सगळं दिलं. फक्त जर्मन शब्दापुढे जागा मोकळी सोडावी लागली असती, म्हणून तो शब्दच गाळला. कस्तुराबाईचं मन राखलं. पण खडा दाताखाली आल्यासारखं झालं आहे.

३१ ऑक्टोबर, शनिवार

लेख छापून आला. हेडमास्तरांनी वाचला नाही, पण वाचणार आहेत.

संध्याकाळी संगप्पा अंक घेऊन आले. त्यांना मराठी अक्षरं लागतात, पण सावकाश. मी मोठ्याने वाचून दाखवलं. ते उंबऱ्यावर बसून ऐकत होते. त्यांचे हात कोपरापर्यंत कायमचे तांबडे, नखं तर काळी पडलेली.

"म्हंजे आमच्या रंगात किडं हायत?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. शब्दात आहेत. तेही हजार वर्षांपूर्वी."

"माजं नाव घातलं न्हाय न्हवं कुटं?"

"तुमचं कशाला घालू?"

"मग बरं हाय," ते म्हणाले आणि उठले. नाव घातलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

४ नोव्हेंबर

वाईट झालं.

काल मंगळवारचा बाजार होता. सिद्धलिंगप्पांच्या दुकानात एका जैन शेटजींच्या घरच्या बायका लग्नाचं कापड बघायला आल्या होत्या. किरमिजी लुगडी पुढे टाकली तर त्यांतली एक म्हणाली, हे किड्याचं आहे, पेपरात आलंय. झालं. दुपारपर्यंत पेठभर झालं. दोन लिंगायत घरांनी आगाऊ सांगितलेली लुगडी नको म्हणून कळवलं. देवपूजेला अंगावर किडे कसे चालतील, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी सिद्धलिंगप्पांचा हमाल दोन गठ्ठे संगप्पांच्या दारात टाकून गेला.

मी तसाच पेठेत गेलो. सिद्धलिंगप्पांना सांगितलं, अहो, तुम्ही सोवळ्याला जे रेशीम नेसता तेही किड्याचंच आहे की. तर ते म्हणाले, "रेशमाचं रेशमापाशी, सर. ते पेपरात आलेलं नाही."

डोकं दुखत होतं. जेवलो नाही.

६ नोव्हेंबर

आज संगप्पांनी सगळं सांगितलं. तुळशीची लग्नं झाली की लग्नसराई सुरू होते. वर्षाचं सूत त्यांनी रंगवून ठेवलं आहे, निम्मी लुगडी विणूनही झाली आहेत. ती पडून राहिली तर पुढचं सूत आणणार कशातून? "ह्यो हंगाम गेला की भट्टी इजली, मास्तर," ते म्हणाले. "मग गिरणीत हात पसरायचा. आज्यापास्नं आमी कुणाची चाकरी केल्याली न्हाय."

बोलताना त्यांचा आवाज जराही चढला नाही. मी म्हणालो, मी दुरुस्ती छापतो. स्पष्ट लिहितो की तुमच्या रंगात किडा नाही, नुसत्या मुळ्या आहेत.

ते घाईने म्हणाले, "नगं. काय बी लिवू नका. किडा तर किडा. लोक इसरत्यात की."

"पण ते खोटं आहे, संगप्पा."

"असू द्या."

किती साधा माणूस. स्वतःवरचा खोटा आळ सहन करील, पण मला त्रास नको म्हणतो. माझ्याच्याने हे बघवत नाही. दुरुस्ती लिहिणारच.

१२ नोव्हेंबर

दिवाळी आली आणि गेली. दरवर्षी सावित्रम्मा फराळाबरोबर तुळशीच्या लग्नासाठी हातभर किरमिजी कापड पाठवते, कस्तुराबाई ते तुळशीला नेसवते. यंदा फराळ आला, कापड आलं नाही.

दुरुस्तीला पुरावा हवा. संगप्पांकडे गेलो, म्हटलं, मला एकदा भट्टी दाखवा. मुळ्या, कढई, सगळं. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे ठामपणे लिहिता येईल.

ते दारातच उभे राहिले. "मुळ्या, तुरटी, तेल. आणि काय," एवढंच म्हणाले. आत काही न्यायचं नाव घेईनात. सावित्रम्मा मागे उभी होती, ती कानडीत त्यांना हळूच काही बोलली आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

घराण्याची विद्या अशी परक्याला कोण दाखवील? मीच चुकलो. उद्या कोणी माझ्या टाचणांच्या चिठ्ठ्या मागितल्या तर मीही देणार नाही.

घरी कस्तुराबाई म्हणाली, "त्यो मानूस लिवू नका म्हनतोय, तर लिवू नका की."

"त्यात त्याचंच भलं आहे."

"त्येचं भलं त्येला कळतंय," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली. हल्ली ती माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघते. लग्नाला तीस वर्षे झाली, बायको अक्षरओळखीच्या पुढे आली नाही. तो दोष माझाच, शाळेतून घरी आल्यावर शिकवायचं त्राण कधी उरलंच नाही.

१३ नोव्हेंबर

सुचलं. आज तोंड धुताना सुचलं.

मुळ्या बघायला मिळाल्या नाहीत तर न मिळोत. किडा शब्दात असतो आणि रंगात नसतो, एवढंच सिद्ध करायचं आहे. त्याचा पुरावा माझ्या परसात आहे. आजचे जर्मन रंग कोळशाच्या डांबरापासून करतात, हे सातवीच्या पुस्तकातही आहे. तरी डब्यावर ते कार्मेझीन छापतातच, म्हणजे किड्याचं नाव. त्यांच्या डब्यात किडा नाही, तसा संगप्पांच्या हौदातही नाही. एका घावात काम झालं, आणि गाळलेला जर्मन शब्दही ठिकाणासह जागेवर आला.

वाक्य असं केलं आहे: 'हा शब्द प्रस्तुत लेखकाने आपले शेजारी, प्रसिद्ध रंगारी श्री. संगप्पा नीलगार यांच्या घरून आलेल्या एका रिकाम्या डब्यावर प्रत्यक्ष पाहिला आहे.'

बसवराजांनी मजकूर वाचला आणि चष्मा पुसला. "सर, डब्याचा उल्लेख राहू द्यायचा?"

"पुरावा काढला तर लेखात उरतं काय?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तुमच्या नावावर आहे, तुमची मर्जी," आणि मजकूर खिळे जुळवायला आत दिला. छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा पाय भरून आले होते, पण मन हलकं होतं. कस्तुराबाईला सांगितलं नाही. छापून आल्यावर कळेलच.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

संध्याकाळी गुरप्पा आला. माझा जुना विद्यार्थी, गेल्या वर्षी तुरुंगात जाऊन आला, आता परदेशी मालाच्या दुकानांपुढे निरोधनाला उभा राहणाऱ्या मंडळींचा पुढारी आहे. बरोबर चारपाच जण होते, सगळे खादीत. माझ्या पाया पडले. गुरप्पाच्या हातात शनिवारचा अंक होता, घडी करून लेखावर आणलेला. तो म्हणाला, "सर, लेख फार आवडला. तो डबा बघायला मिळेल का?"

मला काय वाटलं ते लिहितो. आनंद झाला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी माझा पुरावा तपासायला आलं होतं.

मी त्यांना परसात नेलं. डबा दाखवला. अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि जर्मन लिपीत हे अक्षर असं का काढतात तेही समजावलं. कस्तुराबाई मोरीपाशी भांडी घासत होती, ती राख लागल्या हातांनी उठून उभी राहिली. "भायेर चला," ती मला म्हणाली. मी तिला हाताने गप्प केलं.

गुरप्पाने विचारलं, "यांच्याकडे असे डबे पुष्कळ आहेत का, सर?"

"गल्लीत घरटी एक असेल," मी म्हणालो. "आणि सपाट केलेले वेगळे."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने. वाक्य संपायच्या आत मला सगळं दिसलं. पहाटेची ठोकठोक, खरवडलेले कागद, ओढून घेतलेलं दार. इतकी वर्षे मी भंगारवाला म्हणत होतो, आणि तो भंगारवाला मी कधी पाहिला नव्हता.

"थांब, गुरप्पा," मी म्हणालो. पण ती मुलं नमस्कार करून निघाली होती. उजवीकडे वळली नाहीत, डावीकडे वळली, संगप्पांच्या दाराकडे.

१८ नोव्हेंबर

शाळेत गेलो नाही. ताप आहे असं कळवलं, थोडा आहेही.

काल भिंतीपलीकडे आरडाओरडा झाला नाही. गुरप्पाची मुलं तशी सभ्य आहेत. त्यांनी संगप्पांना समजावून सांगितलं, दुकानाच्या पाटीवर स्वदेशी लिहून आत जर्मन रंग वापरणं हा देशाशी द्रोह आहे. संगप्पांनी नाकारलं नाही. कोठीतले भरलेले डबे स्वतः बाहेर काढून दिले. मुलांनी ते गल्लीच्या गटारात रिकामे केले. मग गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन संगप्पांनी शपथ घेतली, की परदेशी रंगाचा एकही डबा आपल्या घरचा म्हणून राहू देणार नाही.

आज सकाळीही गटार लाल होतं. त्यावरून पोरं उड्या मारत होती. लोक खिडक्यांतून बघत होते आणि मधूनच आमच्या दाराकडे बघत होते. सिद्धलिंगप्पांनी पाटी उतरवली, राहिलेली लुगडीही परत पाठवली. आता किड्याचं कोणी बोलत नाही.

मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. हे मी सकाळपासून स्वतःला सांगतो आहे.

कस्तुराबाईला विचारलं, तुला माहीत होतं?

"गल्लीला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "मुळ्यांनी आसा रंग कुटं येतोय व्हय? त्यो विटकरी येतोय. सावित्रम्मानं मला कवाच सांगितलं हुतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने कढीला फोडणी दिली.

१९ नोव्हेंबर

संगप्पांच्या दारापर्यंत गेलो. दार उघडं होतं. भट्टी विझलेली, हौदाशी ते उकिडवे बसून हौद घासत होते. मला पाहून म्हणाले, "या, मास्तर." नेहमीसारखंच. त्यामुळे मला आत पाऊल टाकता येईना. मी म्हणालो, माझं चुकलं. ते म्हणाले, "तुमी आमच्यासाठीच लिवलं की." आणि पुन्हा घासू लागले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर

वह्या. वह्या. वह्या.

२१ नोव्हेंबर, शनिवार

बसवराज आले होते. अंक सगळा खपला, लोक शब्दांचं सदर मागत आहेत, पुढचा शब्द कोणता? गुरप्पालाही माझा सत्कार करायचा आहे. देशकार्याला भाषाशास्त्राची मदत, असं काहीतरी तो म्हणत होता.

मी म्हटलं, पुढचा शब्द नाही. त्यांना वाटलं मी थकलो आहे. ते म्हणाले, विश्रांती घ्या, महिन्याने बघू. महिन्यानेही नाही, असं मी म्हटलं. मग ते गेले. निरुपद्रवी लिखाण मागायला पुन्हा ते कोणाच्या तरी दारात जातील.

संगप्पा सोमवारपासून एका गिरणीच्या रंगखात्यात जाणार आहेत, असं कस्तुराबाईकडून कळलं. तिथेही डबे त्याच देशाचे असतात. पण ते गिरणीचे असतात, संगप्पांना त्यांत फक्त हात घालायचा आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार

आज आमच्याकडे तुळशीचं लग्न. कस्तुराबाईने दुपारीच परस सारवलं, डब्याभोवती उसाचे चार दांडे उभे केले, चिंचा-आवळे ठेवले. मी ओट्यावर बसून होतो. काही करायचं नव्हतं आणि काही करवतही नव्हतं.

दिवस कलताना सावित्रम्मा आली. आठवडाभरात पहिल्यांदा. डोक्यावरून पदर, नजर खाली. कस्तुराबाई पुढे झाली, दोघींनी एकमेकींचे हात धरले.

मग सावित्रम्मा म्हणाली, "अक्का, डबा पायजे."

मला वाटलं, रागाने मागते आहे. दिलेली वस्तू परत. पण ती म्हणाली, "ह्यांनी लिंग हातात घिऊन शपत घेतल्याली हाय. आमच्या घरचा एक बी डबा ऱ्हायाचा न्हाय म्हनून. गल्लीतलं समदं गोळा केलं. एक तुमच्याकडं ऱ्हायला."

"आज?" कस्तुराबाई म्हणाली. "आज लगीन हाय तिचं."

"उद्या त्ये गिरणीत जानार. शपत पुरी करूनच जातो म्हनत्यात."

कस्तुराबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. ऊस बाजूला केला, खुरपं आणलं आणि खाली बसली. दोघींनी मिळून कडेची माती सैल केली, मुळांना धक्का न लावता तुळस मातीच्या गोळ्यासकट उचलली. मी उठून स्वयंपाकघरातला तोंड फुटलेला माठ आणून पुढे ठेवला. त्यात तुळस बसली, जराशी कलती. कस्तुराबाईने हाताने माती दाबली. ऊस पुन्हा उभा केला.

सावित्रम्माने कमरेची पिशवी सोडली आणि हातभर कापड काढलं. किरमिजी. डोळ्यांत भरणारं.

कस्तुराबाई मागे सरली. "न्हाय गं."

"शपतीच्या आदीचं हाय ह्ये," सावित्रम्मा म्हणाली. "दिवाळीलाच काढून ठिवलं हुतं. किड्याचं म्हनून तुमी घेशीला का न्हाय, म्हनून पाटवलं न्हवतं." तिने ते स्वतः तुळशीला गुंडाळलं, निऱ्या केल्या, वरचं टोक नीट केलं. मुलीला नेसवावं तसं.

मग रिकामा डबा उचलून तिने आतली माती झटकली. जाता जाता माझ्यापुढे थांबली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी सरळ कधी बोललेली नाही, जे बोलायचं ते कस्तुराबाईमार्फत. आज डब्याची ती कागदाची बाजू माझ्याकडे करून तिने विचारलं, "वाचून झालं न्हवं, मास्तर? तुमाला अक्षरं आवडत्यात म्हनून तेवडा ठिवला हुता."

मी मान हलवली. झालं की नाही झालं, काय समजली कोण जाणे. डबा पदराखाली धरून ती गेली. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कस्तुराबाईने मला अंतरपाट धरायला बोलावलं. मी उपरणं धरून उभा राहिलो, ती मंगलाष्टकं म्हणू लागली. दुसऱ्या कडव्याला भिंतीपलीकडून हातोडीचा आवाज आला. पूर्वी तो तास तास चालायचा आणि मी चिडायचो. कस्तुराबाई म्हणायची थांबली. मीही तसाच उभा राहिलो.

आज एकच डबा होता. ठोकणं लगेच संपलं.